साताऱ्याचा ‘देवाचा दरबार’ आणि पुढाऱ्यांच्या एकांतवासाची परंपरा

(१)

पुढारी घडवावयाचे असल्यास त्यांस कांहीं दिवस लोकसमुदायापासून दूर न्यावें, एके ठिकाणीं एकत्र ठेवावें, प्रार्थना, चिंतन व परस्परांच्या कामाची चिकित्सा यांत तो काळ घालवावा आणि मग त्यांस पुन्हां आपापल्या कामावर पाठवावें, ही रीति आज ख्रिस्ती संस्थांत सर्वत्र दृष्टीस पडते. तिला मराठींत एकच ठराविक नांव नाहीं. कोणी ‘शिबिर’ म्हणतात, कोणी ‘साधना-मेळा’, कोणी ‘एकांतवास’. प्रस्तुत लेखांत ‘एकांतवास’ हा शब्द योजिला आहे. मात्र तो एकट्याचा नव्हे, समूहाचा, आणि तोहि मुख्यतः पुढाऱ्यांचा, एवढें ध्यानांत ठेवावें.

ही रीति किती लवचिक आहे याचें एक नवें उदाहरण घेण्यासारखें आहे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर इ. स. १९७० ते १९८० या दशकांत, फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांमध्यें एक ख्रिस्ती चळवळ निघाली व ती पुढें अनेक देशांच्या किनाऱ्यांवर पसरली. लाटांवर खेळणाऱ्यांची मंडळी ती! परंतु तिच्यासारख्या चळवळींनाहि आपल्या गांवोगांवच्या पुढाऱ्यांस एकत्र आणून स्वस्थ बसविण्याची गरज भासते. साधन बदललें, वय बदललें, वेष बदलला. रीति मात्र तीच राहिली. अर्थात् जी रीति इतक्या भिन्न परिस्थितींत टिकते तिचें मूळ मनुष्यस्वभावांतच असलें पाहिजे, आणि तिचा इतिहास केवळ एका धर्माचा किंवा एका देशाचा असूं शकत नाहीं.

सातारा व सांगली या भूमींत या रीतीचा इतिहास पुष्कळ जुना आहे व त्यांतील ख्रिस्ती प्रकरण विशेष उद्बोधक आहे. आजचा सांगली जिल्हा हा १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ या नांवानें निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. सबब त्यापूर्वींच्या काळाचा विचार करितांना हे दोन प्रदेश फारसे वेगळे धरितां येत नाहींत. या इतिहासाची छाननी करितांना आपण प्रत्येक ठिकाणीं तीनच प्रश्न विचारूं. एकांतवासास बोलावणारा कोण? त्याचा खर्च सोसणारा कोण? आणि तेथून परतलेला पुढारी कोणास जबाबदार? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरूनच त्या त्या एकांतवासाची खरी किंमत ठरते, असें आमचें मत आहे.

(२)

प्रथम ख्रिस्तपूर्व परंपरेकडे वळूं. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरांत जखिणवाडीच्या बाजूस साठांहून अधिक बौद्ध लेणीं आहेत. भरहुत येथील दानलेखांत ‘करहाकट’ नगराचा उल्लेख सांपडतो. म्हणजे हें नगर दोन हजार वर्षांपूर्वीं दूरच्या स्तूपास दान देण्याइतकें संपन्न होतें. त्याच्या शेजारच्या डोंगरांत भिक्षूंसाठीं विहार खोदले गेले, ते वर्षाकाळीं एके ठिकाणीं राहण्याची सोय म्हणूनहि उपयोगीं पडले असले पाहिजेत.

विनयग्रंथांत सांगितलेला वर्षावास तीन महिन्यांचा. त्याच्या अखेरीस ‘प्रवारणा’ नांवाचा विधि असे. त्या विधींत प्रत्येक भिक्षु संघापुढें बसून, माझ्या हातून घडलेला जो दोष कोणीं पाहिला असेल, ऐकला असेल किंवा ज्याची शंका आली असेल तो मला सांगावा, अशी विनंति करीत असे. यांतील मर्म असें कीं ही विनंति सर्वांत आधीं वडील भिक्षूनें करावयाची व मग क्रमाक्रमानें धाकट्यांनीं. जो पुढारी त्यानें आपले दोष आधीं विचारावे, ही ती शिस्त होय. आपल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें येथें स्पष्ट मिळतात. बोलावणारा ऋतु, खर्च सोसणारा गृहस्थ उपासक, आणि भिक्षु जबाबदार तो आपल्या संघास.

दुसरें उदाहरण श्रीसमर्थ रामदासांचें. चाफळचें राममंदिर शके १५७० (इ. स. १६४८) मध्यें झालें, असें सांप्रदायिक परंपरा सांगते. तेथील रामनवमीचा उत्सव हा केवळ यात्रेचा दिवस नव्हता. ठिकठिकाणच्या मठांचे महंत त्या निमित्तानें एकत्र येत. महंत कसा असावा याचें निरूपण दासबोधाच्या अकराव्या दशकांत स्वतंत्र समासानें केलें आहे, यावरून पुढारी घडविणें हा समर्थांच्या कार्याचा एक मुख्य भाग होता हें उघड आहे. समर्थ स्वतः घळींत व अरण्यांत एकांत सेवीत आणि लोकांतहि वावरत. एकांत आणि लोकसंग्रह हे त्यांच्या ठायीं परस्परविरोधी नव्हते. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस सज्जनगडावर त्यांचें निर्वाण झालें, तरी मेळा मोडला नाहीं. डोमगांवीं कल्याणस्वामी होते, चाफळास दिवाकर गोसावी होते, संस्थानास इनामें होतीं, आणि मुख्य म्हणजे रामनवमी व दासनवमी या दोन तिथि होत्या. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेनें १८९३ पासून शंकर श्रीकृष्ण देव यांच्या हातून सांप्रदायिक कागदपत्रांचा जो संग्रह केला, त्यावरून या व्यवस्थेची बळकटी दिसून येते. हें उदाहरण मुद्दाम विस्तारानें दिलें, कारण पुढें ज्या ख्रिस्ती दरबाराची हकीकत यावयाची आहे त्याच्याशीं याची तुलना करावयाची आहे.

(३)

आतां ख्रिस्ती प्रकरण. १८२४ सालीं जनरल पीटर लॉडविक महाबळेश्वराच्या पठारावर चढले. १८२८ मध्यें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं तेथें वसाहतीचा पाया घातला. आणि १८२९ मध्यें छत्रपति प्रतापसिंह महाराजांनीं ती जागा कंपनी सरकारास देऊन मोबदल्यांत वांई प्रांतांतील खंडाळा गांव घेतलें. येणेंप्रमाणें माल्कमपेठ वसली. थंड हवेच्या शोधांत आलेल्या गोऱ्या अंमलदारांच्या पाठोपाठ पाद्रीहि आले.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्यें मुंबईस उतरले होते व १८३१ मध्यें अहमदनगरचें ठाणें स्थापन झालें. त्याच मिशनचे अॅलन ग्रेव्हज हे प्रकृतीच्या कारणानें महाबळेश्वरीं राहिले. १८८५ मध्यें छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत १८३४ पासून तेथें मुलींची शाळा चालूं झाल्याची नोंद आहे. त्या नोंदींतील एक बारीकशी गोष्ट फार बोलकी आहे. पावसाळ्यांत ही शाळा सह्याद्रीच्या पायथ्याच्या खेड्यांत नेली जात असे. ज्यानें महाबळेश्वरचा पाऊस पाहिला आहे त्यास याचें कारण सांगावयास नको. वर्षास सुमारें अडीचशें इंच पाऊस जेथें पडतो, तेथें आषाढांत शाळा चालणें अशक्य. ग्रेव्हजसाहेब १८४३ च्या डिसेंबरांत वारले. त्यांच्या पत्नीनें काम सोडलें नाहीं. १८४९ मध्यें ती शाळा साताऱ्यास आली आणि या बाई १८६६ पर्यंत या भागांत राबत राहिल्या.

येथें सालांचा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. शाळा निघाली तेव्हां गादीवर प्रतापसिंह महाराज होते. १८३९ मध्यें त्यांस पदच्युत करण्यांत आलें. १८४८ मध्यें शहाजी महाराजांच्या निधनानंतर डलहौसीसाहेबांनीं राज्य खालसा केलें. आणि पुढच्याच वर्षीं मिशनचें ठाणें राजधानींत आलें. हे दोन प्रसंग कार्यकारणभावानें जोडण्याइतका पुरावा केवळ सालांच्या शेजारानें होत नाहीं. तथापि साताऱ्याच्या लोकांस मिशन दिसलें तें गेलेल्या राज्याच्या पाठोपाठ दिसलें, हें विसरून चालणार नाहीं.

महाबळेश्वर व पांचगणी येथील विसाव्याची रीति ही मूळची हवापालटाची. भारतीय परंपरेंत पाऊस माणसास एके जागीं बसवितो. युरोपीय परंपरेंत ऊन माणसास डोंगरावर पाठवितें. वर्षावास आणि उन्हाळी वास यांत हा ऋतूचा भेद आहेच, परंतु त्याहून मोठा भेद आपल्या तीन प्रश्नांच्या उत्तरांत आहे. अमेरिकन मिशनचा प्रपंच चालत असे तो बॉस्टन येथील मंडळाच्या पैशावर. मिशनरी जबाबदार असे तो त्याच मंडळास. डोंगरावर बसून ज्यांच्याविषयीं विचार व्हावयाचा ते साताऱ्याचे, कोरेगांवचे व वांईचे देशी ख्रिस्ती लोक मात्र डोंगराखालीं. मिशनऱ्यांच्या कष्टांविषयीं किंवा हेतूविषयीं येथें शंका घ्यावयाची नाहीं. ग्रेव्हज बाईंचीं तीन तपें त्याची साक्ष देतात. परंतु पुढारीपणाचा प्रश्न हेतूनें सुटत नसतो, व्यवस्थेनें सुटतो.

(४)

दक्षिणेकडील प्रवाह निराळा. रॉयल गोल्ड वाइल्डर यांनीं १८५२ मध्यें कोल्हापुरास काम सुरू केलें व १८७० मध्यें तें प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलें. याच मिशनच्या शाखा पुढें सांगली व मिरज येथें पसरल्या. डॉक्टर विल्यम वॉन्लेस हे १८८९ मध्यें प्रथम सांगलीस आले आणि १८९४ मध्यें त्यांनीं मिरजेस तें सुप्रसिद्ध इस्पितळ उघडलें. परंतु आपल्या विषयाशीं ज्याचा निकट संबंध आहे तो मनुष्य इस्पितळांतला नव्हे. तो वाइल्डरसाहेबांचा १८६३ सालीं कोल्हापुरांत जन्मलेला मुलगा रॉबर्ट.

अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें शिकत असतां या तरुणानें विद्यार्थ्यांची एक मंडळी जमविली. तिच्या सभा वाइल्डरांच्या घरीं भरत व त्याची बहीण ग्रेस शेजारच्या खोलींत बसून त्या सभांसाठीं प्रार्थना करीत असे, अशी आठवण नमूद आहे. १८८६ च्या जुलै महिन्यांत मॅसॅच्युसेट्स प्रांतांत माउंट हर्मन येथें प्रसिद्ध उपदेशक मूडी यांनीं निरनिराळ्या कॉलेजांतील २५१ विद्यार्थ्यांस जवळजवळ महिनाभर एकत्र ठेविलें. त्या मेळ्यास रॉबर्ट हजर होता. मेळा संपतां संपतां त्यांपैकीं शंभर जणांनीं परदेशीं मिशनचें काम पत्करण्याची तयारी दाखविली. यांतूनच विद्यार्थी-स्वयंसेवकांची ती चळवळ निघाली जिनें पुढें हजारों तरुण जगाच्या निरनिराळ्या भागांत पाठविले. १८८७ मध्यें वडील वारल्यावर ग्रेस आपल्या आईसह हिंदुस्थानांत परतली. रॉबर्टनेंहि १८९२ नंतर कांहीं वर्षें इकडील विद्यार्थ्यांत काम केलें.

उन्हाळ्यांत तरुण पुढाऱ्यांचा मेळा भरवावयाचा ही आधुनिक पद्धति जगभर रूढ होण्यास माउंट हर्मनचा मेळा मोठ्या प्रमाणांत कारण झाला. आणि त्या मेळ्याच्या मुळाशीं पंचगंगेच्या कांठीं जन्मलेला एक मुलगा होता, ही गोष्ट या प्रांताच्या इतिहासांत नोंदवून ठेवण्यासारखी आहे. मात्र तेथेंहि पुढारी घडले ते पाश्चात्य. ज्या देशांत ते जावयाचे, तेथल्या लोकांतून पुढारी कसे उभे रहावे, हा प्रश्न शिल्लकच राहिला. त्या प्रश्नास महाराष्ट्रांत उत्तर देण्याचा पहिला ठळक प्रयत्न साताऱ्यास झाला.

(५)

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. संस्कृताचें अध्ययन नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं. बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस. त्यानंतर कर्मभूमि अहमदनगर. ‘फुलामुलांचे कवि’ म्हणून त्यांची कीर्ति झाली, बालकवि ठोंबरे त्यांच्या घरीं राहिले, १९१५ मध्यें नाशिकच्या नाट्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. १९१२ पासून १८४२ मध्यें निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे ते संपादक होते. म्हणजे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास त्यांस घर होतें, पगार होता, लौकिक होता आणि मिशनमध्यें मान होता.

१९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ति पत्करली आणि ते साताऱ्यास येऊन राहिले. तेथें त्यांनीं जी मंडळी स्थापिली तिचें नांव ‘देवाचा दरबार’. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचें हें एक बंधुमंडळ व्हावें, त्यांतून मनुष्यमात्राचे खरे मित्र व खरे देशभक्त निपजावे, आणि त्यांच्या जीवनावरून ख्रिस्ताची ओळख लोकांस पटावी, असा त्यांचा संकल्प होता.

हा संकल्प नीट समजून घेतला पाहिजे. टिळकांची जुनी तक्रार अशी होती कीं देशी ख्रिस्ती समाज हा मिशनवर अवलंबून राहून आपलें कर्तृत्व हरवून बसला आहे. शिक्षक मिशनचा, उपदेशक मिशनचा, त्याचा पगार मिशनचा. मग त्याचें तोंड मिशनकडे व पाठ शेजाऱ्याकडे, हें ओघानेंच आलें. यावर नुसते लेख लिहून भागणार नाहीं हें त्यांस कळून चुकलें होतें. जो पगार घेऊन स्वावलंबन शिकवितो त्याच्या शिकवणुकीस वजन येत नाहीं. म्हणून त्यांनीं आधीं पगार सोडला व मग मंडळी जमविली. प्रवारणेंत वडील भिक्षूनें आधीं बसावें, तशांतलीच ही गोष्ट.

स्थळाची निवडहि विचार करण्यासारखी आहे. टिळकांस एकांतच हवा असता तर पांचगणी किंवा महाबळेश्वर जवळ होतें. ते डोंगरावर गेले नाहींत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं, भरवस्तीच्या नगरांत राहिले. आणि ज्या नगराचा दरबार एकोणसत्तर वर्षांपूर्वीं खालसा झाला होता, त्याच नगरांत त्यांनीं आपल्या मंडळीस ‘दरबार’ हें नांव दिलें. हा शब्द साताऱ्याच्या माणसाच्या कानास कसा लागला असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. ‘मिशन’ या शब्दास परक्या मुलुखाचा वास होता. ‘दरबार’ हा शब्द घरचा होता. एकांत म्हणजे लोकांपासून दूर जाणें नव्हे, पगार, पदवी व परक्या सत्तेचा आश्रय यांपासून दूर जाणें होय, असा नवा अर्थ टिळकांनीं आपल्या कृतीनें या शब्दास दिला.

आपल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें आतां पाहूं. बोलावणारा एक देशी कवि; खर्च सोसणारा तोच व त्याचे सोबती; जबाबदारी कोणत्याहि मंडळास नसून ईश्वरास व शेजाऱ्यास. सातारा भागांतील ख्रिस्ती इतिहासांत हीं तिन्ही उत्तरें एकदम बदललेलीं येथेंच प्रथम आढळतात. या बदलाची किंमत घरानेंहि दिली, हें विसरतां येत नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ हें केवळ ललित वाङ्मय नव्हे, या प्रकरणाचें घरांतून पाहिलेलें साधन आहे. पुरुष संन्यास घेतो तेव्हां चूल कोणाच्या भरंवशावर पेटते, हा प्रश्न आमच्या संतचरित्रांत बहुधा विचारला जात नाहीं. लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगून तो विचारावयास लाविलें.

(६)

९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले. दरबारास दोन वर्षेंहि पुरीं मिळालीं नाहींत. त्यांतहि १९१८ चें साल मुंबई इलाख्यास अवर्षणाचें व इन्फ्ल्यूएंझाच्या साथीचें गेलें. मे महिन्यांत बालकवींचाहि अपघातीं अंत झाला होता. संस्थापकामागें दरबार संस्था म्हणून उभा राहिला नाहीं. यावरून कित्येक असा निष्कर्ष काढितात कीं हा एका भावनाप्रधान कवीचा क्षणिक उमाळा होता. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. परंतु त्याचा विचार केल्यावांचून पुढें जाणेंहि बरोबर नव्हे.

चाफळशीं तुलना केली असतां उणीव कोठें होती हें दिसतें. समर्थांच्या मागें शिष्य होते, तसे टिळकांभोंवतींहि होते. परंतु समर्थांस चाफळच्या मंदिरापासून निर्वाणापर्यंत तेहतीस-चौतीस वर्षें मिळालीं; टिळकांस दोनहि नाहींत. चाफळास इनामें होतीं. दरबारास कांहींच नव्हतें. येथें एक विलक्षण पेंच आहे. इनाम घ्यावें तर देणाऱ्याची मर्जी सांभाळणें आलें. न घ्यावें तर टिकाव धरणें कठीण. टिळकांनीं एखाद्या मिशनकडून अगर संस्थानिकाकडून दरबारासाठीं नेमणूक मिळविली असती, तर कदाचित् ती मंडळी अधिक काळ चालली असती. पण मग तो ‘देवाचा’ दरबार राहिला नसता. ज्या अवलंबनांतून सुटण्यासाठीं सारा खटाटोप, तेंच मागच्या दारानें आंत आलें असतें.

दुसरी अडचण तत्त्वाची. बाप्तिस्मा न घेतलेल्यास शिष्यवर्गांत बरोबरीचें आसन द्यावयाचें, हें ज्यांच्या मतें बाप्तिस्मा हाच मंडळींत येण्याचा दरवाजा त्यांस खटकणें स्वाभाविक होतें. उलटपक्षीं, धर्मांतर न करितां ख्रिस्ताविषयीं आदर बाळगणाऱ्या हिंदु गृहस्थास या दरबारांत उघडपणें बसणें सोपें नव्हतें. दोन तीरांना जोडणारा पूल दोन्ही तीरांवरून संशयानें पाहिला जातो, आणि पूल बांधणाराच मध्यें गेला म्हणजे तो अपुरा राहतो.

आमच्या मतें मुख्य उणीव तिसरीच होती. ती म्हणजे तिथि. पंढरीच्या वारीस कचेरी नाहीं, चिटणीस नाहीं, निमंत्रणपत्र नाहीं. तरी आषाढ लागला कीं माणसें निघतात, कारण एकादशी ठरलेली आहे. तिथीस भाडें पडत नाहीं, तिला इनाम लागत नाहीं, आणि ती कोणाच्या मालकीची नसते. स्वातंत्र्य आणि टिकाव यांचा जो पेंच वर सांगितला, त्यांतून सुटण्याची आमच्या पूर्वजांनीं काढलेली युक्ति ही कीं संस्था पंचांगास बांधून टाकावी. टिळकांनीं अभंग उचलला, कीर्तन उचललें, संन्यासहि उचलला. परंतु दरबारास अशी एक वार्षिक तिथि लोकांच्या अंगवळणीं पाडण्यास काळानें त्यांस अवधि दिला नाहीं. म्हणून माणूस गेल्यावर पुन्हां कोणत्या दिवशीं जमावयाचें हें सांगणारें कांहींच उरलें नाहीं.

(७)

तथापि संस्था मोडली म्हणजे कल्पनाहि मोडली असें नव्हे. पुढील सालें क्रमानें वाचावीं. १९२१ मध्यें मद्रास इलाख्यांत तिरुपत्तूर येथें डॉक्टर जेसुदासन् व डॉक्टर फॉरेस्टर पेटन यांनीं ख्रिस्तकुल आश्रम स्थापिला. १९२२ मध्यें जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्यानें अहमदनगराकडे ख्रिस्त सेवा संघ स्थापिला व पुढें तो पुण्यास नेला. आणि १९२३ मध्यें टिळकांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झालें तें याच विन्स्लोंच्या हातचें. संघ काढणारा व चरित्र लिहिणारा एकच, ही गोष्ट आकस्मिक खास नव्हे. १९३० मध्यें स्टॅन्ले जोन्स यांनीं कुमाऊंच्या डोंगरांत सातताल येथें आश्रम काढला, तेथें दर उन्हाळ्यास निरनिराळ्या जातींचे व देशांचे लोक एकत्र राहत. आल्याबरोबर प्रत्येकानें आपली उणीव सर्वांपुढें मोकळेपणानें सांगावयाची, असा तेथील प्रघात. आणि झाडूवाल्यास सुटी देऊन त्याचें काम पाहुण्यांनीं आळीपाळीनें करावयाचें. कऱ्हाडच्या लेण्यांतील प्रवारणा नव्या वेषांत पुन्हां अवतरली म्हणावयास हरकत नाहीं.

खुद्द सातारा जिल्ह्यांत, टिळक वारले त्याच सालीं, ऑक्टोबर महिन्यांत कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. भाऊराव हे मूळचे वाळवे तालुक्यांतील ऐतवडे बुद्रुकचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचे. १९२४ मध्यें साताऱ्यास निघालेल्या त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एके पंक्तीस जेवूं लागलीं व १९२७ मध्यें महात्मा गांधींनीं त्यास भेट दिली. भाऊरावांची प्रेरणा सत्यशोधकी. तिचा व टिळकांच्या दरबाराचा धागा एक आहे असें सुचवावयाचें नाहीं. परंतु एकत्र राहून, आपल्या हातांनीं काम करून, जातिभेद जेवणाच्या ताटापाशीं मोडून पुढारी घडवावयाचे, ही कल्पना एकाच नगरांत दोन निराळ्या दिशांनीं दहा वर्षांच्या आंत आली, हें सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकानें अवश्य पहावें. भाऊरावांची संस्था टिकली, याचें एक कारण असें कीं तिचा खर्च रयतेनें मुठीमुठीनें सोसला. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर जेथें बरोबर सांपडतें तेथें तिसऱ्याचें आपोआप सांपडतें.

यानंतर पांचगणी. अमेरिकन धर्मोपदेशक फ्रँक बुकमन यांनीं घरगुती मेळ्यांच्या द्वारें जी चळवळ उभी केली तिनें १९३८ मध्यें ‘नैतिक पुनःशस्त्रीकरण’ अशा अर्थाचें नांव घेतलें व १९४६ मध्यें स्वित्झर्लंडांत को येथें आपलें केंद्र उघडलें. हिंदुस्थानांत राजमोहन गांधी यांच्या पुढाकारानें तिचें केंद्र पांचगणीस १९६८ मध्यें उघडण्यांत आलें. त्यास ‘एशिया प्लॅटो’ म्हणतात. मूळ ख्रिस्ती प्रेरणेची ही चळवळ येथें सर्वधर्मीयांसाठीं खुली झाली; कारखान्यांतील कामगार, मालक, अंमलदार, शिक्षक अशा नाना प्रकारच्या पुढाऱ्यांचीं शिबिरें तेथें भरत आलीं आहेत. सकाळीं कांहीं वेळ मौन धरून अंतःकरणाचा आवाज ऐकावा, ही त्यांची मुख्य साधना. ज्या पठारावर एके काळीं परदेशी लोक हवापालटास येत त्याच पठारावर बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले लोक एकत्र बसूं लागले. टिळकांचा दरबार पन्नास वर्षांनीं डोंगर चढला, असें कोणास वाटल्यास तें सर्वस्वी चूक म्हणतां येणार नाहीं.

(८)

आतां उपसंहार. या सर्व विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं पुढाऱ्यांचा एकांतवास ही आमच्या भूमींत मिशनऱ्यांनीं आणलेली नवी वस्तु नव्हे. आगाशिवाच्या लेण्यांपासून चाफळच्या उत्सवापर्यंत ती येथें नांदत होती, आणि ख्रिस्ती लोकांनीं ती आपलीशी केली तेव्हांच तिच्यांत जीव आला. दुसरी ही कीं स्थळाच्या उंचीवर एकांताची खोली अवलंबून नसते. ती बोलावणाऱ्याच्या त्यागावर अवलंबून असते. तिसरी ही कीं त्यागानें आरंभ होतो, पण टिकाव होतो तो ठरलेल्या तिथीनें व अनेकांनीं वांटून घेतलेल्या खर्चानें.

लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांचे जे पुढारी आपल्या मेळ्यासाठीं समुद्र सोडून कोठें एकांतीं जात असतील, त्यांसहि हाच हिशेब लागू आहे. मेळ्याच्या अखेरच्या दिवशीं वडील मंडळींनीं आधीं उठून, आमचे दोष सांगा, असें म्हटलें तर तो मेळा सार्थकीं लागला. नाहीं तर तो हवापालट झाला.

शेवटीं संशोधकांस व विशेषतः सातारा, वांई, कऱ्हाड, सांगली व मिरज येथील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांस एक विनंति करावयाची आहे. मिशनचीं अहवालपुस्तकें परदेशच्या संग्रहालयांत नीट जपून ठेविलेलीं असतात. परंतु डोंगराखालच्या माणसांचे कागद, म्हणजे मंडळ्यांचीं बाप्तिस्म्याचीं व लग्नाचीं पुस्तकें, पंचांचे ठराव, वार्षिक मेळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, कीर्तनांचीं हस्तलिखितें, घरोघरचीं पत्रें, हीं वाळवीच्या स्वाधीन होत आहेत. कोणत्या खेड्यांतून किती माणसें मेळ्यास आलीं, कोणीं किती शेर ज्वारी दिली, कोण बायका स्वयंपाकास होत्या, हें अशा वह्यांवरूनच कळावयाचें. पुढाऱ्यांचा इतिहास पुढाऱ्यांच्या भाषणांवरून लिहितां येतो. परंतु त्यांस पुढारी कोणीं केलें याचा इतिहास त्या ज्वारीच्या हिशेबांत असतो. असे कागद ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां एखाद्या संशोधनसंस्थेकडे द्यावे, निदान त्यांच्या नकला तरी करून घेऊं द्याव्या. साताऱ्याच्या दरबारास इनाम नव्हतें, तिथि नव्हती. त्याच्या आठवणीस निदान दप्तर तरी असावें.